छोट्या इंजिनाला स्पार्क येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याचा पंप, ब्रश कटर, फवारणी यंत्र, गवत कापायचं मशीन, छोटा जनरेटर, चेन सॉ. दोरी ओढून चालू होणाऱ्या या पेट्रोल इंजिनांबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: "नवी कॉइल (प्लगला स्पार्कची वीज देणारा भाग) मागवू का?" उत्तर जवळजवळ नेहमी एकच आहे. आत्ता नको, आधी प्रश्न 7 मधली तपासणी करा. चांगली कॉइल काढून फेकली जाते आणि खरा दोष स्विचच्या दोन पैशांच्या वायरमध्ये तसाच राहतो, हे वारंवार घडतं. ते टळावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलं आहे.

1. इंजिन चालूच होत नाही. स्पार्क गेलाय की पेट्रोल पोचत नाहीये, हे आधी कसं ओळखायचं?

चोक लावून पाच-सहा वेळा दोरी ओढा आणि लगेच प्लग काढून बघा. प्लगचं टोक पेट्रोलने ओलं असेल आणि वास येत असेल, तर पेट्रोल आत पोचतंय. मग संशय स्पार्ककडे जातो. टोक कोरडं ठणठणीत असेल तर आधी पेट्रोलचा कॉक, फिल्टर आणि कार्ब्युरेटर बघा.

ओला प्लग म्हणजे स्पार्क नाहीच, असं मात्र समजू नका. इंजिन ओव्हरफ्लो झालं तरी प्लग भिजतो, आणि भिजलेला प्लग चांगला असूनही पेटवत नाही. म्हणून प्लगवरून नुसता अंदाज घ्या. निर्णय स्पार्क प्रत्यक्ष बघूनच करायचा.

2. स्पार्क बघायची बरोबर पद्धत कोणती?

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्पार्क टेस्टर. स्वस्त साधन आहे. एका बाजूला प्लग कॅप लावायची, दुसऱ्या बाजूची क्लिप इंजिनच्या उघड्या धातूला. त्यात जी फट असते ती प्लगच्या गॅपपेक्षा बरीच मोठी, साधारण 4 ते 6 मिलिमीटरची ठेवतात. ती फट ओलांडणारा स्पार्क सिलिंडरमधल्या दाबाखालीही पेटतो.

टेस्टर नसेल तर दुसरा चांगला प्लग घ्या. तो कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग सिलिंडर हेडला घट्ट टेकवा. इथे हमखास एक चूक होते: प्लग रंग दिलेल्या कव्हरला टेकवला जातो. रंगातून अर्थ (इंजिनच्या धातूशी विजेची जोडणी) मिळत नाही, स्पार्क दिसत नाही आणि कॉइल बाद ठरते. हेडच्या पंखांवरचा किंवा एखाद्या बोल्टचा उघडा धातू शोधा. प्लग हातात धरू नका. क्लिपने किंवा जंपर वायरने बांधा.

इंजिनचा स्वतःचा प्लग काढून ठेवलात तर दोरी हलकी फिरते आणि वेगही चांगला मिळतो. पण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. म्हणून टेस्टर भोकापासून लांब लावा, भोकावर कापड ठेवा, टाकीचं झाकण बंद करा आणि सांडलेलं पेट्रोल पुसून ते उडून जाईपर्यंत थांबा. हे न करता स्पार्क तपासणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

स्विच चालूवर ठेवा, सावलीत या आणि दोरी जोरात ओढा. निळसर-पांढरा, "टक्‌" आवाज करणारा स्पार्क चांगला. बारीक, पिवळट-नारिंगी, मध्येच चुकणारा स्पार्क कमजोर समजा. भर उन्हात चांगला स्पार्कही दिसत नाही. "स्पार्क नाही" म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी सावलीत गेल्यावर मिटतात.

3. प्लग कॅप काढून वायर बॉडीजवळ धरली तर स्पार्क दिसतो. तेवढं पुरेसं नाही का?

नाही, आणि असं करू नका. वायर बॉडीपासून जास्त लांब राहिली की वीज बाहेर उडी मारू शकत नाही. मग ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते. चांगली कॉइल अशानेच बिघडू शकते. शिवाय हाताला जबरदस्त झटका बसतो. त्या झटक्याने हात झटकला जाऊन कुठे आपटतो, ही वेगळीच इजा. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी ही कोणतीच तपासणी स्वतः करू नये.

4. माझ्या इंजिनला बॅटरीच नाही. मग करंट येतो कुठून?

फ्लायव्हीलमधून, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवर बसवलेल्या जड चाकातून. फ्लायव्हीलच्या कडेला लोहचुंबक बसवलेले असतात आणि कॉइल त्या कडेला लागून असते. चुंबक कॉइलच्या लोखंडी पायांसमोरून गेला की आतल्या जाड तारेच्या गुंडाळीत, म्हणजे प्रायमरीत, प्रवाह सुरू होतो. नेमक्या क्षणी तो प्रवाह अचानक तोडला जातो. जुन्या इंजिनात हे काम कॉन्टॅक्ट पॉइंट (उघडमीट करणारी धातूची दोन तोंडं) करतात, नव्यात कॉइलच्या आतला ट्रान्झिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच). प्रवाह तुटताच चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांच्या सेकंडरीत दहा हजार व्होल्ट आणि त्याहूनही जास्त दाब तयार होतो. तो प्लगच्या गॅपमधून उडी मारतो.

यातला एक मुद्दा पक्का लक्षात ठेवा, कारण पुढची अर्धी उत्तरं त्यावर उभी आहेत. प्रायमरीचा प्रवाह *तुटला* तरच स्पार्क येतो. इंजिन बंद करणारा स्विच वीज तोडत नाही, उलट प्रायमरीला बॉडीशी *जोडतो*. मग प्रवाहाला कायमची दुसरी वाट मिळते, तो तुटतच नाही आणि स्पार्क थांबतो. म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणाच्या बरोबर उलट. म्हणूनच कुठेतरी खरचटलेली वायर बॉडीला टेकली, की स्विच चालूवर असूनही इंजिन "बंद"च राहतं.

5. तपासणी कोणत्या क्रमाने करू?

ज्याला काही उघडावं लागत नाही ते आधी. स्विच खरंच चालूवर आहे का ते बघा. ब्रश कटर आणि चेन सॉवर तो धक्का लागून सरकतो. चार स्ट्रोक इंजिन असेल तर सपाट जागेवर ऑइल बघा (प्रश्न 8). मग प्लग बदलून बघा (प्रश्न 6). प्लग कॅप आणि वायर बघा. त्यानंतर कव्हर काढून किल वायर सोडवा (प्रश्न 7). कॉइलची गॅप आणि मल्टिमीटर त्यानंतर. फ्लायव्हील सगळ्यात शेवटी.

प्लग कॅपकडे दुर्लक्ष होतं म्हणून थोडं जास्त सांगतो. अनेक इंजिनांवर कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती डावीकडे फिरवून काढा आणि वायरचं टोक बघा. आतली तार हिरवट-काळी पडली असेल तर पक्कडीने पाच-सहा मिलिमीटर कापून टाका आणि कॅप पुन्हा घट्ट फिरवून बसवा. काही कॅपमध्ये साधारण 5 किलोओहमचा रेझिस्टर असतो. तो आतून तुटला की मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. काही इंजिनांवर कॅप आणि वायर कॉइलसोबत एकजीव ओतलेल्या असतात. तिथे कॅप ओढायला जाऊ नका, वायर उपटून येईल.

6. प्लग अगदी नवा आहे. तरी दोष प्लगचा असू शकतो?

असू शकतो. नवा प्लग पडला असेल तर आतलं चिनीमातीचं इन्सुलेटर तडकतं आणि ती तडक डोळ्यांना दिसत नाही. नव्या प्लगची गॅप तुमच्या इंजिनसाठी बरोबर असेलच असंही नाही. छोट्या चार स्ट्रोक इंजिनांत ती साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते, दोन स्ट्रोकमध्ये बहुधा 0.5 ते 0.7. नेमका आकडा पुस्तिकेत बघा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) मोजा.

जुना प्लग काजळीने भरला असेल तर ती काजळी वीज वाहून नेते. स्पार्क गॅपमध्ये उडण्याऐवजी काजळीवरून सरळ बॉडीत उतरतो. पितळी ब्रश आणि प्लग क्लीनर वापरा. वाळूच्या फवाऱ्याने साफ केलेला प्लग परत लावू नका. अडकलेले कण सिलिंडरमध्ये जाऊन भिंत खरवडतात.

नवा प्लग लावून स्पार्क आला, पण काही तासांत पुन्हा गेला, तर प्लग हा परिणाम आहे. एअर फिल्टर, चोक, ऑइलचं प्रमाण बघा.

7. "किल वायर सोडवून बघा" म्हणजे नेमकं काय करायचं?

या पानावरची सगळ्यात उपयोगी तपासणी हीच.

ब्लोअर कव्हर, म्हणजे दोरीची यंत्रणा जिच्यावर असते ते झाकण, काढा. फ्लायव्हीलच्या कडेला दोन बोल्टांनी धरलेली कॉइल दिसेल. तिच्यातून दोन वायरी निघतात. जाड काळी प्लगकडे जाते. बारीक वायर एका छोट्या चपट्या टर्मिनलवर खोचलेली असते आणि स्विचकडे जाते. तीच किल वायर. चपट्या टोकाची पक्कड घेऊन तिचं टर्मिनल सरळ ओढून काढा, वायरला धरून ओढू नका. सुटं टोक कुठेही टेकणार नाही असं टेपने गुंडाळा. आता प्रश्न 2 प्रमाणे स्पार्क बघा.

स्पार्क आला? मग कॉइल चांगली आहे. दोष वायर, स्विच, ऑइल सेन्सर किंवा एखाद्या सेफ्टी स्विचमध्ये आहे. कॉइल मागवायची गरज नाही.

तरीही स्पार्क नाही? मग दोष कॉइल, गॅप, प्लग कॅप, पॉइंट किंवा फ्लायव्हीलमध्ये आहे. पुढचे प्रश्न त्यासाठी.

पहिल्या बाजूचा दोष शोधायला मल्टिमीटर बझरवर ठेवा. एक टोक सोडवलेल्या किल वायरला, दुसरं इंजिनच्या धातूला. स्विच बंदवर असताना बझर वाजला पाहिजे, चालूवर आणला की गप्प झाला पाहिजे. चालूवरही वाजत असेल तर वायरचा मार्ग हळूहळू हलवत जा. जिथे हलवल्यावर बझर तुटतो तिथेच दोष आहे. बहुतेक वेळा ती जागा ठरलेली असते: कव्हरच्या कडेखाली चिमटलेली वायर, बोल्टाखाली दबलेलं इन्सुलेशन, ब्रश कटरच्या दांड्यात वळणावर घासलेली वायर, नाहीतर उंदराने कुरतडलेला तुकडा. वायर बरोबर निघाली तर स्विचच सुटा करून त्याच्या दोन टोकांत तपासा. आत पाणी आणि गंज जाऊन तो कायमचा जोडलेला राहू शकतो.

एक इशारा. किल वायर सुटी असताना इंजिन चालू झालं तर स्विचने बंद होणार नाही. पेट्रोलचा कॉक बंद करायची किंवा चोक पूर्ण ओढून इंजिन गुदमरवायची तयारी आधी ठेवा. पातं किंवा साखळी असलेलं यंत्र असेल तर प्लग बाहेर ठेवूनच तपासा, म्हणजे ते चालू होण्याचा प्रश्नच येत नाही.

8. ऑइल भरलेलं आहे, तरी ऑइल सेन्सर स्पार्क बंद करू शकतो का?

करू शकतो. अनेक चार स्ट्रोक इंजिनांच्या क्रँककेसमध्ये फ्लोटचा सेन्सर असतो. ऑइल कमी झालं की तो प्रायमरीला अर्थ देतो, अगदी स्विचसारखंच. यंत्र उतारावर तिरकं ठेवलं असेल तर ऑइल एका बाजूला जातं आणि सेन्सरला ते कमी वाटतं. आधी सपाट जागेवर आणा आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा.

तरीही स्पार्क नसेल तर क्रँककेसमधून येणारी सेन्सरची वायर जोडापासून सोडवून बघा. ती सोडवताच स्पार्क आला तर सेन्सर अडकलाय किंवा त्याची वायर बॉडीला लागतेय. सेन्सर बदलेपर्यंत वायर सुटी ठेवून काम भागवता येतं, पण मग प्रत्येक वेळी चालू करण्याआधी ऑइल स्वतः बघायचं. ते विसरलात तर कनेक्टिंग रॉड जाईल, आणि तो खर्च सेन्सरच्या कितीतरी पट असतो.

9. मल्टिमीटरने कॉइल चांगली की खराब हे ठरवता येतं का?

अर्धवट. सेकंडरी मोजताना एक टोक प्लग वायरच्या तारेला लावा, कॅप काढता येत असेल तर काढून. दुसरं टोक कॉइलच्या लोखंडी पायाला. रीडिंग काही किलोओहममध्ये येतं; कॉइलप्रमाणे अडीचपासून पंधरापर्यंत काहीही बरोबर असू शकतं, म्हणून पुस्तिकेतला आकडाच प्रमाण माना. रीडिंगच आलं नाही तर तार आतून तुटली आहे. शून्याच्या जवळ आलं तर आत शॉर्ट आहे.

प्रायमरी पॉइंटच्या जुन्या कॉइलमध्ये साधारण एक ओहमच्या आसपास दाखवते. ट्रान्झिस्टरच्या कॉइलमध्ये हे रीडिंग भरवशाचं नसतं, कारण मीटर इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून मोजतो.

मीटरने खराब दाखवली तर कॉइल खराब. चांगली दाखवली तर ती चांगलीच आहे असं नाही. मीटरची छोटी बॅटरी हजारो व्होल्टांवर फुटणारं इन्सुलेशन पकडू शकत नाही. गरम झाल्यावर होणारा दोष तर मुळीच नाही (प्रश्न 14).

10. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली गॅप किती ठेवायची? ती स्पार्क बंद करू शकते का?

बहुतेक छोट्या इंजिनांत ती 0.2 ते 0.4 मिलिमीटरच्या दरम्यान असते. गॅप जास्त झाली की चुंबकाचं बळ कॉइलपर्यंत कमी पोचतं आणि स्पार्क कमजोर होतो किंवा येतच नाही. फार कमी झाली तर फ्लायव्हील कॉइलला घासतं. पायांवर चकचकीत ओरखडे दिसले तर तेच झालंय. क्रँकचं बेअरिंग ढिलं आहे का तेही बघा.

कॉइलचे बोल्ट ढिले करून ती फ्लायव्हीलपासून लांब ओढून ठेवा. चुंबक कॉइलसमोर येईल असं फ्लायव्हील फिरवा. पितळी किंवा प्लास्टिकचं फिलर गेज मध्ये घाला; लोखंडी गेज चुंबकाला चिकटतं आणि गोंधळ होतो. गेज नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्ड चालतं, त्याची जाडी साधारण 0.3 मिलिमीटर असते. आता कॉइल सोडा. चुंबक कॉइलला स्वतःच खेचून कार्डावर बसवेल. तसंच दाबून धरून बोल्ट आवळा, फ्लायव्हील फिरवून कार्ड बाहेर काढा. मग एक पूर्ण फेरी हळू फिरवून कुठे घासत नाही ना ते ऐका.

हे करायच्या आधी कॉइलचे पाय आणि चुंबकाचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करा. पावसाळाभर पडून राहिलेल्या यंत्रात इथे गंजाचा थर साचतो. नुसता तो साफ केल्यावर स्पार्क परत आल्याचं अनेकांनी कळवलं आहे.

11. नवी कॉइल बसवली, तरी स्पार्क नाही. कॉइल खराब निघाली का?

क्वचित. आधी हे बघा. किल वायर अजून कुठे अर्थ होतेय का (प्रश्न 7)? जुनी कॉइल ज्यामुळे "गेली" वाटली तोच दोष अजून तिथे असेल. कॉइल उलटी बसली का? काही कॉइल दोन्ही बाजूंनी बोल्टांत बसतात, पण उलटी बसली की चुंबकाचा क्रम बदलतो आणि ट्रान्झिस्टर चालत नाही. जुनी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गॅप लावली का? बोल्टाच्या जागी रंग किंवा गंज राहून अर्थ तुटलाय का? आणि दिसायला सारखी असली तरी ती त्याच मॉडेलची आहे का? पॉइंटच्या इंजिनसाठीची आणि ट्रान्झिस्टरची कॉइल बाहेरून सारख्या दिसू शकतात.

नव्या कॉइल एकामागून एक जळत असतील आणि यंत्राला बॅटरी असेल, तर किल वायरवर 12 व्होल्ट येतात का ते मोजा. ट्रान्झिस्टरच्या कॉइलला त्या वायरवरून बॅटरीचा करंट मिळाला की ती लगेच जाते. बॅटरीच्या यंत्रावर चुकीचा स्विच बसवल्यावर हे हमखास होतं.

12. माझं इंजिन जुनं आहे, पॉइंट आणि कंडेन्सरचं. काय वेगळं बघू?

पॉइंट फ्लायव्हीलखाली, एका छोट्या डबीत असतात (फ्लायव्हील काढायची पद्धत प्रश्न 13 मध्ये). बराच काळ बंद राहिलेल्या इंजिनात त्यांच्या तोंडावर पातळ ऑक्साइड चढतं आणि ते मिटले तरी जोडत नाहीत. प्रायमरीत प्रवाहच सुरू होत नाही, मग तुटणार काय? पॉइंट फाइलने हलकेच साफ करा. साधा पॉलिश पेपर टाळा, त्याचे कण तोंडात अडकतात. शेवटी क्लीनरमध्ये बुडवलेला स्वच्छ कागदाचा तुकडा मिटलेल्या पॉइंटमधून ओढा, जोपर्यंत तो स्वच्छ बाहेर येत नाही तोपर्यंत.

पूर्ण उघडलेल्या अवस्थेत गॅप इंजिनप्रमाणे 0.3 ते 0.5 मिलिमीटर. तोंडावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर कंडेन्सरवर (पॉइंटला जोडलेल्या कपॅसिटरवर) संशय घ्या. कंडेन्सर गेला की प्रवाह पॉइंटवरच ठिणगी मारत राहतो, स्वच्छ तुटत नाही, आणि प्लगला पिवळा, मरतुकडा स्पार्क येतो. कंडेन्सर आतून शॉर्ट झाला तर अजिबातच येत नाही. डबीत ऑइल दिसलं तर क्रँकचं सील गळतंय. सील न बदलता नवे पॉइंट घातले तर तेही भिजतील.

13. फ्लायव्हील काढावं लागेल का? चावी तुटली तर स्पार्क जातो का?

चावी तुटल्याने स्पार्क जात नाही, त्याची *वेळ* चुकते. पातं दगडावर आपटलं किंवा नट ढिला राहिला की फ्लायव्हील आणि शाफ्ट यांच्यातली छोटी चावी कापली जाते आणि फ्लायव्हील थोडं फिरतं. टेस्टरवर झकास स्पार्क दिसतो, पण इंजिन चालू होत नाही, दोरी हातातून उलटी खेचली जाते किंवा कार्ब्युरेटरमधून फटका येतो. ही लक्षणं असतील तरच, किंवा पॉइंटसाठी, फ्लायव्हील काढा.

नट काढण्याआधी त्याचे आटे उजवे की डावे ते पुस्तिकेत बघा, सगळे सारखे नसतात. फ्लायव्हील पुलरने काढा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर आटे चेपतात, शाफ्ट वाकू शकतो. चावी काढल्यावर नखाने तिची कड चाचपा. केसाएवढी पायरी लागली तरी बदला, आणि कंपनीने दिलेल्या धातूचीच घाला. अनेक इंजिनांत ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते, म्हणजे धक्का बसल्यावर शाफ्टऐवजी ती तुटते. तिथे लोखंडाचा तुकडा घासून बसवू नका. फ्लायव्हीलचं भोक आणि शाफ्टचा उतार तेल न लावता कोरडे पुसून बसवा.

चुंबक कमजोर झालेत का हे बघायला स्क्रूड्रायव्हर सैल धरून एक-दीड सेंटिमीटरवर न्या. तो ओढला गेला पाहिजे. चुंबक मरणं फार क्वचित घडतं. निखळून पडणं किंवा तडकणं त्यापेक्षा जास्त.

14. थंड असताना छान चालतं. वीस-तीस मिनिटांनी बंद पडतं, गार झालं की पुन्हा चालू होतं. हे काय?

कॉइलच्या आतली तार किंवा ट्रान्झिस्टर गरम झाल्यावर साथ सोडतो तेव्हा असं होतं. पण टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी हुबेहूब हीच लक्षणं दिसतात: टाकीत पोकळी होते, पेट्रोल थांबतं, थोड्या वेळाने हवा शिरते आणि इंजिन पुन्हा चालतं. फरक ओळखायचा क्षण एकच, बंद पडल्यावरची पहिली मिनिटं. टेस्टर जवळ ठेवूनच काम करा. बंद पडताच लावा. स्पार्क नसेल तर कॉइल. असेल तर झाकण सैल करून बघा. गार झाल्यावर केलेल्या तपासणीला इथे काहीच अर्थ नाही.

15. बाहेर प्लगवर स्पार्क दिसतो, तरी इंजिन चालत नाही.

मोकळ्या हवेत प्लगची छोटी गॅप ओलांडायला कमी व्होल्टेज लागतं. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे तीच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त लागतं. कमजोर कॉइल बाहेर पास होते आणि आत नापास. म्हणून प्रश्न 2 मधला मोठ्या फटीचा टेस्टर. तिथेही स्पार्क दणकट असेल तर चावी (प्रश्न 13), पेट्रोल आणि कॉम्प्रेशन बघा.

16. मी दोरी ओढतो तेव्हा स्पार्क नाही, दुसऱ्याने ओढली की येतो. असं कसं?

वेगामुळे. ट्रान्झिस्टरची कॉइल ठरावीक वेगाखाली पेटतच नाही. हळू, अर्धी ओढलेली दोरी त्या वेगापर्यंत पोचत नाही. आधी दोरी ताण लागेपर्यंत सावकाश ओढा, मग तिथून एका दमात जोरात. सेल्फ स्टार्टरचं इंजिन असेल तर बॅटरी उतरल्यावरही हेच होतं: स्टार्टर घुमतो, पण वेग अपुरा.

17. धुतल्यानंतर किंवा पावसात भिजल्यानंतर स्पार्क गेला.

प्लग कॅपच्या आत, स्विचमध्ये आणि कॉइलच्या टर्मिनलवर पाणी असतं. कॅप आणि कव्हर काढून हवेने वाळवा. घाईने दोरी ओढत राहू नका, प्लग पेट्रोलने भिजून दुसरी अडचण उभी राहील. वाळल्यावर स्पार्क आला, पण प्रत्येक वेळी भिजल्यावर जातो, तर प्लग वायरच्या इन्सुलेशनला तडा आहे. अंधारात इंजिन चालवलं तर त्या जागी निळसर ठिणग्या दिसतात.

18. दोन सिलिंडरचं इंजिन आहे, एकाच बाजूला स्पार्क नाही.

इथे दोन कॉइल असतात आणि बहुधा एकच किल वायर दोघींना जाते. वाटेत डायोड असतात, म्हणजे एका कॉइलचा प्रवाह दुसरीत शिरत नाही. डायोड शॉर्ट झाला की चांगली कॉइलही मार खाते. दोन्ही किल वायरी सोडवून तपासा. दोन्हीकडे स्पार्क आला तर डायोडचा हार्नेस बदला. तीच बाजू मुकी राहिली तर तिची कॉइल. डायोड आतून तुटला तर उलटं होतं: स्विच बंद केला तरी एक सिलिंडर चालतच राहतो.

19. बसून चालवायच्या गवत कापणीच्या यंत्राला स्पार्क नाही. स्विच तर चांगला आहे.

त्यात सीट, ब्रेक आणि पात्याचे सेफ्टी स्विच असतात, आणि त्यातला कुठलाही स्पार्क बंद करू शकतो. आधी पातं बंद आहे, ब्रेक दाबलेला आहे याची खात्री करा. मग प्रश्न 7 मधली तपासणी करा; दोष याच बाजूला निघाला तर स्विच एकेक करून मीटरने बघा. सीटखालचा स्विच ओल आणि गंज यांमुळे सगळ्यात आधी जातो. हाताने ढकलायच्या यंत्रात दांड्यावरचा दट्ट्या दाबला नाही तर स्पार्क बंदच असतो, आणि केबल ताणली गेली की दट्ट्या दाबूनही स्पार्क सुरू होत नाही.

20. सीडीआय किंवा बॅटरीवरच्या इग्निशनलाही हेच सगळं लागू आहे का?

प्लग, कॅप, स्विच इथपर्यंत हो. पुढे नाही. सीडीआयमध्ये (कपॅसिटरमध्ये वीज साठवून स्पार्क देणारी इग्निशन) चार्जिंग कॉइल, पिकअप कॉइल, सीडीआय बॉक्स आणि इग्निशन कॉइल असे वेगवेगळे भाग असतात, आणि प्रत्येकाचं रीडिंग पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळवावं लागतं. बॉक्स घरी मोजता येत नाही. बाकीचे भाग बरोबर निघाले तरच तो बदलून बघायचा. बॅटरीवर चालणाऱ्या प्रकारात फ्यूज आणि बॅटरीचं व्होल्टेज सगळ्यात आधी बघा. तिथे स्विच वीज पुरवतो, त्यामुळे प्रश्न 4 मधला "बॉडीशी जोडतो" हा नियम उलटतो. वायरिंग न बघता किल वायर समजून भलतीच वायर सोडवू नका.

21. किल वायर काढल्यावर मस्त चालतंय. तशीच ठेवली तर काय बिघडेल?

इंजिन तातडीने बंद करता येणार नाही. कापड साखळीत अडकलं, कुणी घसरून पडलं, पेट्रोल गळायला लागलं, अशा वेळी कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत थांबायला वेळ नसतो. दोष सापडला आहे तर नवी वायर ओढा. दांड्याच्या वळणावर आणि कव्हरच्या कडेपाशी तिच्यावर रबरी नळी चढवा, आणि कव्हर बसवल्यावर स्विच बंद करून स्पार्क खरंच थांबतो का हे टेस्टरवर बघा.